'अबाइड बाय' म्हणजे 'वाट पाहणे' का? केळीच्या करारातल्या एका वाक्याबद्दल

रावेरची मृगबाग

नमस्कार मंडळी,

प्रश्न इंग्रजीचा आहे, पण आधी थोडं घरचं सांगते. नाहीतर मी एका शब्दाच्या एवढी मागे का लागले आहे ते कळणार नाही.

आम्ही रावेर तालुक्यातले. तीन एकर केळी, साडेचार हजार खोडं, टिश्यूची रोपं. बाबा आजवर माल व्यापाऱ्यालाच द्यायचे. बोर्डाचा, म्हणजे रोज जाहीर होणारा, भाव निघायचा, त्यावर फरक काय मिळणार ते बांधावर उभ्याउभ्या ठरायचं आणि घड गाडीत पडायचे. कागद असा कधी नव्हताच. मागच्या वर्षी पहिल्यांदा एका निर्यातदार कंपनीशी करार केला. चार पानं, सगळी इंग्रजीत. घरात बारावीच्या पुढे शिकलेली मी एकटी, म्हणून वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

नवव्या कलमात वाक्य होतं, 'द ग्रोअर शॅल अबाइड बाय द डिसिजन ऑफ द क्वालिटी इन्स्पेक्टर.' 'ग्रोअर' कळलं, 'डिसिजन' कळलं, 'अबाइड'वर अडले. माझा शाळेतला खिशात मावणारा शब्दकोश घरात होता. त्यात अर्थ दिले होते: राहणे, वाट पाहणे, सहन करणे. मी वाक्य जुळवलं, 'शेतकरी इन्स्पेक्टरच्या निर्णयाची वाट पाहील.' मला ते पटलंसुद्धा. माणूस माल बघायला येणार, काहीतरी ठरवणार, तोवर आपण थांबायचं. बाबांना तसंच सांगितलं. त्यांनी ओट्यावरच्या खाटेवर बसून चारही पानांवर सह्या केल्या.

मे महिन्यात कापणी लागली. पहिल्या दिवशी मजुरांनी ३१२ घड उतरवले. कंपनीचा माणूस लोखंडी माप घेऊन आला होता. फणीच्या मधल्या केळाला तो ते माप लावायचा, सालीवर अंगठा फिरवून डाग बघायचा, आणि मग घड इकडे किंवा तिकडे. दुपारपर्यंत १२७ घड तिकडे पडले. बाबांनी विचारलं, 'यांचं काय?' तो म्हणाला, 'हे बसत नाहीत,' आणि खोकी भरून गाडी निघून गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद काढला, नववं कलम पुन्हा वाचलं आणि सांगितलं, 'निर्णयाची वाट बघायची असं लिहिलंय बाबा. ऑफिसातून कळवतील.'

आम्ही वाट बघितली. तीन दिवस. घड शेडमध्ये केळीच्या पानांखाली झाकून ठेवले, बाबा दिवसातून दोनदा त्यावर पाणी शिंपडायचे. बाहेर आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन. तिसऱ्या दिवशी वरच्या फण्या पिवळ्या पडायला लागल्या, तेव्हा फोन केला. तिकडून उत्तर आलं की निर्णय तर त्याच दुपारी झाला होता, बाजूला काढलेला माल तुमचा तुम्ही विकायचा होता. त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला बोलावलं असतं तर हिरवा माल म्हणून गेला असता. चौथ्या दिवशी जो आला, त्याने सांगितलेला भाव मला इथे लिहवत नाही.

बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. 'सही मी केली ना बेटा,' एवढंच म्हणाले.

आता या वर्षीचा करार आला आहे आणि त्यात तेच नववं कलम आहे. मोबाइलवर बघितलं तर 'अबाइड बाय' म्हणजे 'पालन करणे' असं दाखवतो. मग माझ्या शब्दकोशात 'वाट पाहणे' कुठून आलं? आणि पालन करणे असाच अर्थ असेल तर सरळ 'ओबे' किंवा 'फॉलो' का लिहीत नाहीत? सगळ्यात जास्त अडतंय ते हे: इन्स्पेक्टरच्या निर्णयाचं मी 'पालन' करायचं म्हणजे काय करायचं? तो मला काही करायला सांगतच नाही. तो फक्त माझा माल बसतो की नाही ते ठरवतो.

कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायचं आहे. त्याआधी हा शब्द मला पुरता कळायला हवा.

चोपडा स्पर्धा परीक्षा

ताई, अबाइड बाय म्हणजे नियम पाळणे. बँकेच्या आणि रेल्वेच्या परीक्षांत चूक ओळखा म्हणून देतात. 'अबाइड विथ द रूल्स', 'अबाइड टू द रूल्स' आलं की डोळे झाकून चूक. नियमांपुढे 'बाय'च लागतो. भूतकाळ 'अबायडेड बाय'. ओबे, फॉलो, कम्प्लाय, अ‍ॅडहिअर हे सगळे समानार्थी म्हणून पाठ करून टाका. बाकी जास्त खोलात जाऊ नका, गोंधळ वाढतो.

अमळनेरचे मास्तर

बेटा, तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दुपारपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

मी या भागात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. 'अबाइड डॅश द रूल्स' ही रिकामी जागा मी किती मुलांकडून भरून घेतली असेल, त्याची गणती नाही. 'बाय' लिहिलं की बरोबर, एक गुण. कोणी अर्थ विचारलाच तर 'पाळणे' म्हणून सांगायचं आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे वळायचं. वरच्या मुलाने जे लिहिलं आहे ते परीक्षेपुरतं बरोबर आहे आणि ते आम्हीच त्याला शिकवलं आहे. पण त्या ज्ञानाने तुझे १२७ घड वाचले नसते. म्हणून मी आज जरा खोलात जाणार आहे.

पहिली गोष्ट, तुझा शब्दकोश खोटं बोलत नव्हता. हा शब्द फार जुना आहे. जुन्या इंग्रजीत 'बीदन' असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ थांबणे, राहणे, वाट पाहणे. त्याला पुढे 'आ' हा उपसर्ग लागला आणि त्यातून आजचं 'अबाइड' आलं. 'बाइड युअर टाइम' असं म्हणतात त्यात तो जुना तुकडा अजून जिवंत आहे, योग्य वेळेची वाट बघ. राहणे या अर्थावरून 'अबोड' आलं, म्हणजे राहायचं ठिकाण. 'अबायडिंग फेथ' म्हणजे टिकून राहणारी, न ढळणारी श्रद्धा. सगळीकडे चित्र एकच आहे. कोणीतरी एका जागी आहे आणि तिथून हलत नाही.

आता त्याला 'बाय' लाव. 'बाय' म्हणजे जवळ, लगत. 'बाय द रिव्हर' म्हणजे नदीकाठी. तर 'अबाइड बाय द डिसिजन' म्हणजे निर्णयाला लागून राहणे, त्याला सोडून न जाणे. यासाठी आपल्या मराठीत 'पालन'पेक्षा कितीतरी नेमका शब्द आहे आणि तो आपण रोज वापरतो: 'धरून'. नियमाला धरून वाग. कायद्याला धरून बोल. ठरलं त्याला धरून राहा. 'राहणे' पण त्यात आहे आणि 'लगत' पण आहे. मला हे नोकरीत असताना सुचलं असतं तर फळ्यावर लिहिलं असतं.

दुसरी गोष्ट, तू विचारलंस की इन्स्पेक्टर काही करायला सांगतच नाही, मग पालन कशाचं? बेटा, हाच 'ओबे' आणि 'अबाइड बाय' यांच्यातला फरक आहे आणि तो तू स्वतः शोधून काढला आहेस.

'ओबे'ला हुकूम लागतो. कोणीतरी सांगतो, दुसरा करतो. म्हणून 'ओबे'च्या पुढे माणूस चालतो, 'ओबे युअर फादर'. 'अबाइड बाय युअर फादर' असं कोणी म्हणणार नाही. तिथे 'अबाइड बाय युअर फादर्स डिसिजन' म्हणावं लागतं. या शब्दाच्या पुढे नियम येतो, करार येतो, निकाल येतो, दिलेला शब्द येतो. माणूस येत नाही. आणि आत एक गोष्ट दडलेली असते: हे मी आधी मान्य केलेलं आहे, आता ते माझ्या विरुद्ध गेलं तरी मी त्यातून निघणार नाही.

मी मुलांना वक्तृत्व स्पर्धांना घेऊन जायचो. प्रवेशपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असायची, 'परीक्षकांचा निर्णय अंतिम व सर्व स्पर्धकांवर बंधनकारक राहील.' खाली माझी सही. एकदा पारोळ्याहून परत येताना एसटीत एक मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती. तिचं भाषण खरोखर सरस झालं होतं आणि तिला उत्तेजनार्थही मिळालं नव्हतं. ती म्हणाली, 'सर, तुम्ही जाऊन बोला ना त्यांच्याशी.' मी बोललो नाही. परीक्षकांनी मला 'बोलू नका' असा हुकूम दिला नव्हता. मीच सकाळी त्या ओळीखाली सही केली होती. त्या न बोलण्याला इंग्रजीत 'अबाइड बाय' म्हणतात.

तुझ्या नवव्या कलमाचा अर्थ तोच आहे. 'इन्स्पेक्टर जे ठरवील ते उत्पादकावर बंधनकारक राहील.' त्याने घड बाजूला काढले त्या क्षणी निर्णय झाला, आणि तो मान्य असल्याची सही तुम्ही आधीच दिलेली होती. वाट पाहण्यासारखं पुढे काही उरलंच नव्हतं.

आता बाकीच्या शब्दांबद्दल थोडं, कारण ते समानार्थी म्हणून पाठ करू नयेत. 'फॉलो' सैल आहे. ठिबकमधून खत सोडायचं वेळापत्रक तू 'फॉलो' करतेस, दोन दिवस मागेपुढे झालं तरी कोणी वचनभंग म्हणत नाही. 'कम्प्लाय विथ' म्हणजे अट किंवा मापदंड पूर्ण करणे. निर्यातीच्या मालावर औषधाचा अंश किती चालेल याची मर्यादा असते, तुझी केळी त्या मर्यादेशी 'कम्प्लाय' करतात. पण केळी कधी 'अबाइड बाय' करू शकत नाहीत! त्याला शब्द दिलेला कोणीतरी लागतो, मग तो माणूस असो, संस्था असो की देश. 'अ‍ॅडहिअर टू' म्हणजे चिकटून राहणे, त्यात काटेकोरपणा जास्त. एखाद्या तत्त्वाला, वेळापत्रकाला, पद्धतीला.

व्याकरणाचं एकच सांगतो. इथला 'बाय' जागचा हलत नाही. 'पुट ऑफ द मीटिंग' म्हणा किंवा 'पुट द मीटिंग ऑफ' म्हणा, दोन्ही चालतं. 'अबाइड द रूल्स बाय' चालत नाही. आणि 'बाय' गाळलास तर अर्थच फिरतो. 'माय फादर कान्ट अबाइड वेस्ट' म्हणजे माझ्या वडिलांना नासाडी खपत नाही. तुझ्या शब्दकोशातला तिसरा अर्थ, सहन करणे, तो हा. तो बहुतेक 'कान्ट' किंवा 'कुडन्ट' यांच्याबरोबर, नकारातच येतो.

आणि हा शब्द नुसता करारांत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये आली, अनुच्छेद ५१ क. त्यातलं पहिलंच कर्तव्य इंग्रजीत 'टु अबाइड बाय द कॉन्स्टिट्यूशन' असं सुरू होतं. मराठीत आपण 'संविधानाचे पालन करणे' वाचतो. तिथे 'ओबे' नाही हे मला फार मोलाचं वाटतं. घटना आपल्याला कोणी वरून दिलेली नाही. 'आम्ही भारताचे लोक' म्हणून आपणच ती स्वीकारली आहे आणि जे आपण स्वीकारलं त्याला धरून राहायचं आहे.

लांबलं. पण तुझे बाबा 'सही मी केली ना' म्हणाले ते वाचून राहवलं नाही. त्यांना हा शब्द इंग्रजीत माहीत नव्हता, अर्थ मात्र पुरता माहीत होता.

भुसावळ यार्ड

मास्तरांच्या म्हणण्याला माझी एक पावती. मी रेल्वेत होतो, आता सुटलो. आमच्याकडे सिग्नल 'ओबे' करतात. लाल दिसला की गाडी थांबली पाहिजे, मान्य आहे का म्हणून ड्रायव्हरला कोणी विचारत नाही. 'अबाइड बाय द सिग्नल' असं मी उभ्या नोकरीत कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. पण बदलीचा वाद युनियनने वर नेला आणि निकाल लागला की दोन्ही बाजू लिहून द्यायच्या, 'वी शॅल अबाइड बाय द डिसिजन.' तेव्हा फरक कळत नव्हता, नुसतं टाइप करून द्यायचो. आज कळला.

ताई, मे महिन्यात कापलेला घड तीन दिवस ठेवला म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. भाऊबंदांची केळी आहेत. मन लावून घेऊ नका.

रावेरची मृगबाग

सर, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. चोपड्याच्या दादांचे पण आभार, पण दादा, 'खोलात जाऊ नका' हे मला पटत नाही. मी मागच्या वर्षी खोलात गेले नाही तेच महागात पडलं.

भुसावळच्या काका, तुमचंही वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, यांना केळी कळते.

पत्रासाठी एक वाक्य केलं आहे, बघाल का? 'वी अ‍ॅग्री टु अबाइड बाय द इन्स्पेक्टर्स डिसिजन, प्रोव्हायडेड दॅट इट इज गिव्हन टु अस इन रायटिंग ऑन द सेम डे.' मला म्हणायचं आहे की निर्णय आम्हाला बंधनकारक आहे, पण तो त्याच दिवशी लेखी मिळाला तर.

धुळे कोर्ट आवार

मी वकिली करते, म्हणून या वाक्यावर बोलते. इंग्रजी तुमचं बरोबर आहे. 'प्रोव्हायडेड दॅट' नेमक्या जागी आलं आहे. करारात 'वी अ‍ॅग्री'च्या जागी 'द ग्रोअर शॅल' येईल. तिथला 'शॅल' हा नुसता भविष्यकाळ नसतो, ते बंधन असतं. तुम्ही मागच्या वर्षी 'वाट पाहील' असं वाचलंत त्यात 'अबाइड' जितका कारण होता, तितकाच 'शॅल' पण होता. 'पाहील' आणि 'पाहिलंच पाहिजे' यांत किती अंतर आहे बघा.

'अबाइड बाय' दिसलं की मी माझ्या पक्षकारांना लगेच पुढचा शब्द वाचायला लावते. कशाला धरून राहायचं आहे? 'टर्म्स' म्हणजे अटी असतील तर त्या कागदावर आहेत, आधी वाचता येतात. 'डिसिजन' असेल तर तो अजून झालेलाच नाही. तो उद्या कोणीतरी घेणार आहे आणि तुम्ही आजच त्याला बांधून घेताय. क्रियापद एकच, पण दुसऱ्यात जोखीम फार मोठी. म्हणून तिथे विचारायचं की निर्णय कोण घेणार, कशाच्या आधारावर, कोणासमोर, किती वेळात. माप किती असेल तर माल बसतो आणि डाग किती चालतील, हे कराराला जोडलेल्या तक्त्यात आलं पाहिजे. मोजणी तुमच्या समोर झाली पाहिजे आणि बाजूला काढलेल्या घडांच्या आकड्यावर दोघांच्या सह्या झाल्या पाहिजेत.

'डिसिजन शॅल बी फायनल अँड बाइंडिंग' असं असलं म्हणजे कोर्टाचं दार कायमचं बंद झालं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तसं नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २८ सांगतं की आपला हक्क कोर्टात मागण्यापासून माणसाला पूर्णपणे अडवणारा करार तेवढ्यापुरता शून्य असतो. लवादाकडे जायचं ठरलं असेल तर तो अपवाद. याचा अर्थ सही हलक्यात घ्यावी असा मुळीच नाही. कोर्टात उभं राहून 'मला इंग्रजी समजलं नव्हतं' म्हणणं फार अवघड जातं. सहीच्या आधी मराठी प्रत मागा, ती मागण्यात कमीपणा काही नाही.

पांझराकाठ

मास्तर, तुम्ही 'धरून' म्हणालात आणि मला आमच्या आजीची अहिराणी आठवली. ती म्हणायची, 'कायदाले धरीसन चाल.' आणि एखाद्या माणसाची खात्री द्यायची असली की, 'तो सबदले पक्का से.' इंग्रजीत पहिल्या वाक्याला अबाइड बाय लागेल हे कळलं. दुसऱ्याला पण लागेल का? की शब्द देण्यासाठी इंग्रजीत वेगळं आहे?

अमळनेरचे मास्तर

लागेल. 'ही अबाइड्स बाय हिज प्रॉमिस' अगदी बरोबर आहे. बोलण्यात 'कीप्स हिज वर्ड' जास्त ऐकू येतं. तुमच्या आजीने एका 'पक्का'त जे बसवलं त्याला इंग्रजीला तीन-चार शब्द लागतात.

आणि रावेरच्या बेटा, वाक्य छान झालं आहे. वकील ताईंनी सांगितलेलं तेवढं त्यात घे. 'इन द प्रेझेन्स ऑफ द ग्रोअर' हे 'गिव्हन'च्या आधी नको, वाक्याच्या शेवटी टाक. 'ऑन द सेम डे अँड इन द प्रेझेन्स ऑफ द ग्रोअर.' मग वाचणाऱ्याला ठेच लागत नाही.

रावेरची मृगबाग

आज रात्री जेवणं झाल्यावर बाबांना नववं कलम मराठीत लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, वहीच्या पानावर. 'इन्स्पेक्टर जो निर्णय देईल त्याला उत्पादकाने धरून राहिलं पाहिजे. मात्र तो निर्णय त्याच दिवशी, लेखी आणि उत्पादकाच्या समोर दिलेला असावा.' त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. बोट प्रत्येक शब्दाखालून फिरत होतं. 'धरून' या शब्दावर थांबले आणि म्हणाले, 'हे बरोबर लिहिलंस. असं लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी गाडी बोलावली असती.'

मग त्यांनी जे विचारलं ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. 'आम्ही याला धरून राहायचं. आणि त्यांनी कशाला धरून राहायचं, ते कुठे लिहिलंय?'

मी चारही पानं पुन्हा काढली. 'अबाइड' हा शब्द पूर्ण करारात एकदाच आहे, नवव्या कलमात, आणि त्याच्या आधी 'ग्रोअर' आहे. 'कंपनी'च्या पुढे 'मे' (करू शकते) आहे, 'विल ट्राय टु' (प्रयत्न करील) आहे, एका ठिकाणी 'अ‍ॅज फार अ‍ॅज पॉसिबल' (शक्य तितकं) आहे. भाव तिसऱ्या कलमात लिहिला आहे, पण कापणीच्या दिवशी बाजार पडला तर कंपनी त्या भावाला बांधील राहील असं कुठेच म्हटलेलं नाही.

म्हणून पत्रात दुसरं वाक्य घातलं आहे. 'द कंपनी शॅल अबाइड बाय द रेट अ‍ॅग्रीड इन क्लॉज थ्री.' सर, इथे 'रेट'च्या आधी काही लागेल का? 'ताई', 'काका' सगळ्यांनीच बघा. बाबा म्हणतात उद्या दुपारच्या आत पाठवायचं, कारण परवा त्यांचा माणूस बाग बघायला येणार आहे.

अमळनेरचे मास्तर

काही लागत नाही. आहे तसंच जाऊ दे. फक्त 'क्लॉज थ्री'नंतर 'ऑफ धिस अ‍ॅग्रीमेंट' लिही.

रावेरची मृगबाग

लिहिलं. सकाळी प्रिंट काढून बाबांची सही घेते.